काटा रुतल्यावर शरीराला कळतं कसं?

मागे आवाज पोहोचतोय ना? ठीक.

आजचा विषय जन्मजात प्रतिकारशक्ती. हे ऐकून काहींनी मला आधीच विचारलं, की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, तुमचा प्रबंध ज्ञानशास्त्रातला, मग हे डॉक्टरांचं काम तुमच्याकडे कसं आलं? उत्तर माझ्या डाव्या पायात आहे. दोन वर्षांपूर्वी त्या पायाची करंगळी काढावी लागली.

कारण अगदी क्षुल्लक. चपलेच्या तळातून एक बारीक खिळा वर आला होता. मला मधुमेह आहे, वीस-बावीस वर्षं झाली. खिळ्यानं करंगळीखाली जखम केली आणि मला ती कळलीच नाही. आठवड्याभरानं बायकोनं मोजा बघितला. "अहो, हा डाग कसला?" मी म्हटलं, चहा सांडला असेल. नंतर जखम दिसलीच, तेव्हाही मी म्हटलं, दुखत नाहीये ना, मग बरी होईल. आयुष्यभर विद्यार्थ्यांना अनुमान शिकवलं, आणि स्वतःच्या पायाबद्दल हे असलं अनुमान काढून बसलो. शल्यचिकित्सक नंतर एवढंच म्हणाले, "सर, तुमच्या पायानं तक्रारच केली नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तक्रार कोण करतं? कोणाकडे? आणि मुळात शरीराला कळतं कसं, की काहीतरी आत शिरलंय? पडून होतो, वाचत गेलो. त्यातलं जे मला समजलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

लहानपणी टाचेत बाभळीचा काटा मोडलेला तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. संध्याकाळपर्यंत काही नाही. रात्री ठणका सुरू. सकाळी टाच लाल, गरम, सुजलेली. आजी हात लावून म्हणायची, "पिकतंय." आजीनं बघितलेली ही चार लक्षणं, लाली, उष्णता, सूज आणि वेदना, पहिल्या शतकातल्या सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं एकत्र नोंदवून ठेवली आहेत. म्हणजे लक्षणं दोन हजार वर्षं माहीत होती. त्यांचा अर्थ मात्र माहीत नव्हता. बहुतेकांना वाटायचं, हाच रोग.

हा अर्थ बदलला तोही एका काट्यामुळे. १८८२ साल, डिसेंबर महिना. इटलीतल्या सिसिली बेटावर मेसिना नावाचं बंदर आहे. तिथं एल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होता. घरचे सगळे सर्कशीला गेले होते आणि हा एकटा सूक्ष्मदर्शकापाशी. समोर तारामाशाच्या अळ्या होत्या. या अळ्या पारदर्शक असतात, आतल्या पेशी हिंडताना दिसतात. त्याच्या मनात आलं, या हिंडणाऱ्या पेशींचं काम शरीराचं रक्षण करण्याचं तर नसेल? तसं असेल तर अळीत काटा खुपसला की या पेशी त्याच्याभोवती गोळा व्हायला हव्यात. बागेत गेला, गुलाबाचे काटे आणले, अळ्यांमध्ये टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा.

आता बघा, तारामाशाला रक्तवाहिन्यांचं जाळं नाही, लाली नाही, ताप नाही. तरी पेशी धावून येतात. म्हणजे दाहाचा गाभा हा धावून येण्यात आहे, आणि ती रोगाची नाही, रक्षणाची क्रिया आहे. या पेशी जंतूंना गिळतात, म्हणून त्यांना फॅगोसाइट, भक्षकपेशी, हे नाव मिळालं. १९०८ साली मेचनिकॉफला पॉल एर्लिखबरोबर नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

आपल्या प्रतिकारशक्तीचे ढोबळमानानं दोन भाग. एक अर्जित. ती अनुभवातून शिकते, विशिष्ट जंतूसाठी विशिष्ट प्रतिपिंड बनवते, लक्षात ठेवते. लस चालते ती तिच्या जोरावर. पण नवा जंतू आला तर तिला तयारीला चार-पाच दिवस, कधी आठवड्याहून जास्त लागतो. तेवढा वेळ आहे का? हिशोब करू. अनुकूल परिस्थितीत काही जीवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. एकाचे तासाभरात आठ. सात तासांत सुमारे एकवीस लाख. आठवडाभर थांबणं शक्य नाही. म्हणून दुसरा भाग, जन्मजात प्रतिकारशक्ती. ती मिनिटांत आणि तासांत कामाला लागते. तिची हत्यारं जन्मतःच तयार असतात.

पहिली फळी अगदी साधी. त्वचा. जठरातलं आम्ल. श्वासनलिकेतला चिकट स्राव आणि तो वर ढकलणारे बारीक केसांसारखे तंतू. अश्रू आणि लाळेतलं लायसोझाइम, जे जीवाणूंची भित्ती तोडतं. ते शोधलं अलेक्झांडर फ्लेमिंगनं, पेनिसिलिनच्याही काही वर्षं आधी. बहुतेक जंतू इथंच संपतात, आपल्याला पत्ताही लागत नाही.

खिळा ही फळी ओलांडतो. त्वचेखाली मॅक्रोफेज नावाच्या भक्षकपेशी मुक्कामालाच असतात. त्यांच्यासमोर आता काहीतरी येतं. ते आपलं की परकं? मारायचं की सोडायचं? हा माझ्या विषयातला प्रश्न आहे. याला आम्ही ज्ञानाचं प्रमाण म्हणतो: कशाच्या आधारावर तुम्ही म्हणता, की तुम्हाला हे कळलं?

१९८९ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या चार्ल्स जेनवे यांनी नेमका हा प्रश्न आपल्या सहकाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी एका अडचणीवर बोट ठेवलं. प्रयोगशाळेत शुद्ध परकं प्रथिन टोचलं तर शरीर बरेचदा ढिम्म राहतं. त्यात मेलेल्या जीवाणूंचा अंश मिसळला तरच प्रतिक्रिया येते. हे सगळ्यांना माहीत होतं, सगळे ते करत होते, पण का, हे कोणी नीट विचारत नव्हतं. जेनवे म्हणाले, नुसतं परकं असणं पुरत नाही. भक्षकपेशींवर असे रिसेप्टर असले पाहिजेत, जे जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखतात. अशा खुणा, ज्या जंतूंमध्ये सर्रास असतात आणि आपल्या पेशींत कधीच नसतात.

हे तेव्हा अनुमानच होतं, रिसेप्टर कोणी पाहिला नव्हता. तो सापडला आडवाटेनं. फळांवर घोंघावणाऱ्या चिलटात 'टोल' नावाचं एक जनुक माहीत होतं. जर्मन भाषेत टोल म्हणजे भन्नाट. ते गर्भाची पाठ आणि पोट ठरवण्याच्या कामी येतं, एवढंच ठाऊक होतं. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथं ज्यूल हॉफमान यांच्या गटाला दिसलं, की हे जनुक बिघडलेलं चिलट बुरशीच्या संसर्गानं मरतं. १९९८ मध्ये अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांनी उंदरात तसाच रिसेप्टर शोधला. माणसात असे दहा टोलसदृश रिसेप्टर आहेत. हॉफमान आणि बॉयटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं. जेनवे २००३ मध्येच गेले होते.

आता हे रिसेप्टर करतात काय, ते आपल्या न्यायदर्शनाच्या भाषेत सांगतो, कारण मला ते त्याच भाषेत समजलं. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून आपण म्हणतो, तिथं आग आहे. आग दिसलेली नाही. धूर हा हेतू, आग हे साध्य. आणि जिथं जिथं धूर तिथं तिथं आग, हा जो अटळ संबंध, ती व्याप्ती. व्याप्ती पक्की तर अनुमान पक्कं.

चौथ्या क्रमांकाचा टोलसदृश रिसेप्टर काय बघतो? लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू. जीवाणूंच्या एका मोठ्या गटाच्या बाहेरच्या आवरणाचा तो भाग असतो. रिसेप्टरला जीवाणू दिसत नाही, फक्त हा धूर दिसतो. हा टायफॉइडचा जंतू की साधा आतड्यातला, हेही त्याला कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की इथं या गटाचा जीवाणू आहे. पाचव्या क्रमांकाचा रिसेप्टर जीवाणूच्या शेपटीचं प्रथिन ओळखतो. तिसऱ्या क्रमांकाचा ओळखतो दुपदरी आरएनए, जो विषाणू वाढताना तयार होतो.

व्याप्ती पक्की का? कारण जीवाणूला हे आवरण टाकून देणं फार अवघड आहे. चेहरा लपवता येतो, हाडं टाकून देता येत नाहीत. आणि ही व्याप्ती शिकवली कोणी? नैयायिक म्हणतात, व्याप्ती भूयोदर्शनानं कळते, पुन्हा पुन्हा बघून. इथं पुन्हा पुन्हा बघण्याचं काम तुमच्या-माझ्या पेशीनं केलेलं नाही. ते आपल्या पूर्वज जीवांनी कोट्यवधी वर्षांत केलं, त्यात असंख्य मेले, आणि उरलेल्यांचं शहाणपण जनुकांत लिहिलं गेलं. जन्मजात शब्दाचा खरा अर्थ हा आहे.

धूर दिसला. पुढं काय? मॅक्रोफेज हाक मारतो. ही हाक म्हणजे सायटोकाइन नावाची छोटी प्रथिनं. शेजारच्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त येतं. ही लाली आणि उष्णता. वाहिन्यांच्या भिंती सैल होतात, पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपतात. ही सूज. त्या ताणानं आणि तिथं तयार झालेल्या रसायनांनी मज्जातंतू चेततात. ही वेदना. आजीची चारही लक्षणं आली.

सैल भिंतीतून बाहेर पडतात न्यूट्रोफिल. तुमच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये हे नाव असतं, बहुधा पांढऱ्या पेशींत सर्वांत जास्त टक्केवारी यांचीच. अस्थिमज्जा रोज शंभर अब्जांच्या आसपास न्यूट्रोफिल बनवते आणि त्यांचं आयुष्य साधारण एखाद्या दिवसाचं, फार तर काही दिवसांचं. ते जंतू गिळतात, आत विषारी रसायनं सोडून मारतात. काही तर मरताना स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात, त्यात जंतू अडकतात. पू म्हणजे मुख्यतः हे मेलेले न्यूट्रोफिल. पू बघून आपण नाक मुरडतो. ते रणांगण आहे.

रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं जंतूला चिकटून त्याच्यावर खूण करतात, म्हणजे गिळणं सोपं जातं. काही वेळा ती जंतूच्या आवरणाला भोकही पाडतात. हाक लांब पोहोचली, की यकृत सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन बनवू लागतं. कोविडमध्ये घराघरांत "सीआरपी किती आला?" हे वाक्य होतं ना, तेच हे. १९३० पासून माहीत असलेलं. हाक मेंदूपर्यंत गेली, की तिथलं तापमानाचं केंद्र आपला नेम वर सरकवतं. म्हणून ताप चढताना थंडी वाजते. अंग अजून नव्या नेमापेक्षा गार असतं.

विषाणूची गोष्ट थोडी वेगळी, कारण तो आपल्याच पेशीत लपतो. १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी इंटरफेरॉन शोधलं. संसर्ग झालेली पेशी ते सोडून शेजारणींना सावध करते, की तुमची कामं आवरा, तो येतोय. फ्लूमध्ये अंग मोडून येतं, त्यात विषाणूइतकाच या निरोपांचा हात असतो.

आणि एक पेशी आहे, नॅचरल किलर. ही मला फार आवडते. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीवर एक ओळखपत्र असतं. अर्जित प्रतिकारशक्ती तेच बघून आत काय चाललंय ते ताडते. म्हणून काही विषाणू ओळखपत्रच गायब करतात. आता ही किलर पेशी काय करते? जिथं ओळखपत्र असायला हवं होतं आणि नाही, तिथं मारते. नसण्यावरून जाणणं! आपल्याकडे कुमारिल भट्टांच्या परंपरेनं हे स्वतंत्र प्रमाण मानलं, अनुपलब्धी. जमिनीवर घडा नाही, हे मला घडा न दिसण्यातून कळतं. पण अट अशी, की घडा असता तर तो दिसलाच असता. अंधारात न दिसणं हे प्रमाण नव्हे. गंमत म्हणजे किलर पेशीही अट पाळते. तांबड्या रक्तपेशींवर हे ओळखपत्र नसतंच, तरी ती त्यांना मारत नाही. नुसतं नसणं पुरत नाही, संकटाची दुसरी खूणही लागते.

इतकं शहाणपण आहे, तर चुका होतच नाहीत का? होतात, आणि जीवघेण्या होतात. हेतू असतो पण साध्य नसतं, याला न्यायात सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. मध्यरात्री पायाचा अंगठा लाल, गरम, सुजलेला, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. हा गाउट. तिथं एकही जंतू नसतो. युरिक आम्लाचे स्फटिक असतात आणि मॅक्रोफेज त्यांनाच संकट समजतो. उलट आतड्यात अब्जावधी जीवाणू, धूरच धूर, तरी तिथं शांतता. म्हणून पॉली मॅटझिंगर यांनी १९९४ मध्ये मांडलं, की शरीर परकेपणापेक्षा धोका बघतं. फुटलेल्या पेशीतून जे बाहेर सांडतं, ते बघतं. आपलं की परकं आणि धोका की नाही, हा वाद पूर्ण मिटलेला नाही. मला वाटतं शरीर दोन्ही साक्षी घेतं.

सर्वांत मोठी चूक प्रमाणाची. हाक गावभर गेली, सगळीकडच्या वाहिन्या एकदम सैल झाल्या, तर रक्तदाब कोसळतो. सेप्सिसमध्ये हे घडू शकतं. कोविडमध्ये अनेकांच्या फुप्फुसांचं नुकसान विषाणूपेक्षा या अनावर प्रतिक्रियेनं झालं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष आले. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड. ते दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशानं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना काही फायदा झाला नाही. हे औषध करतं काय? प्रतिकारशक्ती दाबतं. आणि त्याच महिन्यांत बाजारात सगळे 'इम्युनिटी वाढवा' म्हणत होते.

दुसरी बाजूही आपण महाराष्ट्रात बघितली. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीचे, म्युकरमायकोसिसचे, हजारो रुग्ण झाले. त्या बुरशीचे बीजाणू हवेत नेहमीच असतात, आपण ते श्वासातून घेतो, भक्षकपेशी त्यांचा निकाल लावतात. पण रक्तात साखर बेसुमार आणि वरून स्टेरॉइड, मग त्या पेशी लुळ्या पडतात. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा. कमी पडली तरी मरण, जास्त झाली तरी मरण. म्हणून 'जास्त प्रतिकारशक्ती' या शब्दांना अर्थ नाही. अर्थ आहे तो योग्य जागी, योग्य वेळी आणि योग्य वेळी थांबण्याला. थांबणंही काम आहे. लढाई संपली, की मॅक्रोफेज मेलेले न्यूट्रोफिल गिळून जागा साफ करतात आणि भरून येण्याचे निरोप देतात.

आता माझ्या पायाकडे परत येतो. मधुमेहात तीन गोष्टी एकदम होतात. मज्जातंतू बधिर, म्हणून वेदना नाही. वाहिन्या अरुंद, म्हणून मदत पोहोचत नाही. आणि जास्त साखरेत न्यूट्रोफिल मंद. म्हणजे जखम होती, जंतू होते, हाक क्षीण होती आणि ऐकणारा बहिरा होता. मी म्हटलं, दुखत नाही, म्हणून जखम गंभीर नाही. ही माझी अनुपलब्धी. पण अट कुठे पाळली? दुखणं असतं तर मला कळलंच असतं, असं माझा पाय म्हणू शकत होता का? मी अंधारात घडा शोधत होतो. किलर पेशीला जे कळतं, ते मला कळलं नाही.

तुमच्यात मधुमेही असतील. हात वर करू नका. फक्त आज रात्री पाय धुताना तळव्याखाली आरसा धरा, बोटांच्या मधे बघा, आणि चपलेत हात घालून खिळा, खडा तपासा. रोज. पायाला डोळे नाहीत, तुमचे द्या. आणि जखम दिसली, तर दुखत नसली तरी दुसऱ्याच दिवशी दाखवा.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन.)

प्रश्न: सर, ताप हा रक्षणाचा भाग असेल, तर तापाची गोळी घेऊच नये का?

उत्तर: असं मी म्हटलेलं नाही. गोळी तापाचा नेम खाली आणते, जंतूला मारत नाही. त्रास होत असेल तर डॉक्टर सांगतील तशी घ्यावी. लहान बाळं, गरोदर स्त्रिया, हृदयाचे रुग्ण यांनी तर अंगावर ताप काढूच नये. फक्त गोळीनं ताप उतरला म्हणजे कारण गेलं, असं समजू नका. धूर पुसला म्हणून आग विझत नाही.

प्रश्न: मग प्रतिकारशक्तीसाठी काय करायचं?

उत्तर: मी डॉक्टर नाही, पण जे वाचलं त्यात काढा-चूर्णाहून साध्या गोष्टी वारंवार आल्या. साखर ताब्यात ठेवणं, तंबाखू-सिगारेट सोडणं, झोप, पुरेसं अन्न, आणि लस. लस यासाठी, की ही पहिली फळी तुम्हाला काही दिवस मिळवून देते. त्या दिवसांत दुसरी फळी आधीच शिकलेली असेल तर ती लवकर येते. आणखी एक. घरच्यांनी मोज्यावरचा डाग दाखवला, तर चहा सांडला असेल असं म्हणू नका. बघा.